चौथी कुपी

डॉक्टर हुदानं ट्रेमध्ये चार कुप्या मांडल्या.
चारींत जाडसर मिठासारखं काहीतरी पांढरं.

ही गाईच्या हाडाची,
म्हणताना ती जरा अडखळली,
माझ्या मनगटावरचा लाल दोरा बघून.
ही कुणा मेलेल्याची, धुऊन निर्जंतुक केलेली.
ही कारखान्यातली, कुणाचीच नाही.
की तुमच्याच कमरेचं खरवडू?
आपलं ते लवकर रुजतं.
पण महिनाभर क्रेनवर चढायचं नाही.

महिनाभर!

चौथी पोवळ्याची.
खिडकीबाहेर मुहर्रकची जुनी भिंत,
समुद्रातून उपसलेल्या पोवळ्याच्याच दगडांची,
पोपडे सुटलेली,
उभी.

मंगळ शांत राहावा म्हणून
आईनं बोटात घातलेलं पोवळं
मी पहिल्याच वर्षी विकलं,
खोलीचं भाडं थकलं तेव्हा.

जीभ सवयीनं खड्ड्यात गेली.
विचारलं,
हे किती दिनार?