कंट्रोल

नवतपा लागलेला. कूलरची टाकी दुपारीच कोरडी.
मेडिकलच्या मागच्या खोलीत
धानोऱ्याहून आलेल्या छत्तीस नळ्या.

चाचणी साधी:
द्रावणात रक्ताचा थेंब, पाच मिनिटं थांबायचं,
मग नळीमागं ओळी आखलेलं कार्ड.
ओळी दिसल्या तर बरं.
कार्ड हरवल्यापासून उके सर
पेपराचं पान धरतात,
वधू-वरांच्या जाहिरातींचं, टाइप बारीक असतो म्हणून.

कंट्रोल संपलं होतं.
"तुझंच घे," सर म्हणाले, "तू ठणठणीत."
मी बोट टोचलं.

पाच मिनिटांनी माझ्या नळीमागं
'वधू पाहिजे' वाचता येईना.
गढूळ, कन्हानच्या पुरासारखं.

सरांनी नळी हलवली, दुसरं किट फोडलं.
संध्याकाळी जेलवर दोन पट्टे.
"वाहक आहेस. तुला काही होत नाही."
हेच वाक्य खिडकीतून
मी किती जणांना दिलंय.

मला काही होत नाही.
व्हायचं ते रोशनला होत होतं,
पौषात, गुडघे पोटाशी धरून, रात्रभर.
बाबा म्हणायचे, नाटकं करतो,
शाळा नको त्याला.
तेल चोळलं, ताईत बांधला.
त्याच्यामागं कागद
कोणी धरला नाही.

रजिस्टर उघडलं. सदतिसावी ओळ: कंट्रोल.
शब्द खोडला, माझं नाव लिहिलं.
खाली आणखी एक ओळ आखली,
त्याचं नाव, वय अकरा.
नमुन्याच्या रकान्यात
लिहायला काही नव्हतं.

उके सर बघत होते. बोलले नाहीत.
बादली उचलून
कूलरमध्ये पाणी भरायला गेले.