एक दात कमी

सांगलीच्या माणसाकडून घेतली गाडी,
सपाटीवर वाढलेली,
उसाच्या रानातून साठच्या खाली न आलेली.
करूळ घाटात अडीचशे चिरे घालून चढवली
तर पाचव्याच वळणाला तिने मान टाकली
आणि झिलू उटी घेऊन मागच्या चाकाशी पळाला,
जसा मी पळायचो अण्णांच्या गाडीमागे,
बोटं वाचवत.

पिनियन बदल, म्हणाले सगळे.
सातच्या जागी सहा दात्यांचं.
दात कमी झाला की चाक सावकाश फिरतं,
पण ओढ येते.
अण्णांना हे पटेना. दात पडून जोर वाढतो कसा?
त्यांचे स्वतःचे चारच उरलेत.

मेस्त्रीची मजुरी वाचवायची म्हणून घरीच काढलं.
फणसाच्या फांदीला चेन-ब्लॉक,
खाली काळ्या तेलाचं घमेलं.
दोन्ही एक्सल ओढले, डिफरन्सचा गोळा
पोटातून काढावा तसा हळू उतरवला.
क्राऊनला दाते एक्केचाळीस, नव्यालाही तेवढेच,
मग तो कशाला बदलायचा?
रांगोळीखालची काव तेलात कालवली,
दात्यांना फासून हाताने फिरवलं.
ठसा उमटला अगदी कडेला.
म्हटलं, बसेल चालता चालता.

बसलं नाही.
तिसऱ्या खेपेला चाळीसच्या वर
एकाच सुरात रडायला लागली.
पाय काढला की गप्प,
पाय दिला की पुन्हा तेच.

तळेरे तिठ्यावर इनास मेस्त्री
बशीतला चहा तोंडाला लावून उभा होता.
गाडी थांबायच्या आधीच म्हणाला,
"क्राऊन जुनोच ठेवलंस मा?"
मी खाली बघितलं.
"दोघां एकमेकाक घासान तयार होतत.
एक खयसून आणि दुसरो खयसून, ता चलाचा नाय."
मग नव्या जोडीवर कोरलेला आकडा दाखवला,
दोघांच्या अंगावर एकच.

दोन दिवस तो पत्र्या घालत राहिला, काढत राहिला,
विडीच्या कागदाएवढ्या पातळ.
माझी उरलेली काव मागून घेतली.
"रंग बरो हा तुझो. हात तेवढो वायट."
संध्याकाळी ठसा दात्याच्या मधोमध आला,
पोराच्या जिभेएवढा.
मजुरी सांगितली ती मी घासाघीस न करता दिली.

घाट एका दमात चढला. दुसऱ्या गिअरात,
बैलाच्या चालीने, पण कुठे न थांबता.
झिलू सबंध घाटभर उटी मांडीवर घेऊन बसला.
गगनबावड्याला चहाला उतरला
तेव्हाही ती त्याच्या काखेत होती.

हायवेवर आता टमटमवाले हात करून पुढे जातात.
मीटर म्हणतो चाळीस, आम्ही चालतो चौतीस.
त्याला कुणी दाताचं सांगितलेलं नाही.
त्याच्या हिशेबात कोल्हापूर
पंधरा किलोमीटर लांब गेलंय.
चिऱ्याचा व्यापारी भाडं मात्र
जुन्या कोल्हापूरचंच देतो.