ओढायचं दार

तीन गुरुवार मी ते दार ढकललं.
हललं नाही. बरंच झालं म्हटलं,
आणि गोठलेल्या नदीच्या कडेकडेने घरी गेलो.
घराआधी कुठे, ते विचारू नका.

चौथ्या गुरुवारी, उणे बावीस,
केमीच्या चर्चमागून एक म्हातारा आला,
म्हणाला, "ओढायचं असतं ते."

आत पायरीशी बूट. नऊ जोड.
दहावा माझा. मोज्यातून अंगठा बाहेर;
इतक्या वर्षांत पहिल्यांदा लाज वाटली
ती त्या अंगठ्याची.

नवांतला एक जोड लाल, लोकरी काठाचा.
हा मी ओळखतो.
दारूच्या दुकानापुढचा बर्फ ओढताना
सिनिक्काच्या पायात असतो हा.
अकरा वर्षं माझे सुटे पैसे मोजणारी,
एकदाही मान वर न करणारी
सिनिक्का.

आज तिने पाहिलं.
कॉफीचा कप माझ्यापुढे सरकवला
आणि सवयीने हात पुढे केला, पैशांसाठी.
दोघंही हसलो. कोणाला कळलं नाही का.

मग माझी पाळी. राइमो, म्हणालो.
पुढचं वाक्य येईना.
मी आपला ढकलतोय, ढकलतोय.
म्हातारा शांतपणे
माझ्या अंगठ्याकडे बघत बसलेला.