खिशातला स्क्रू

पेट्या आधी आत आणून ठेवतो, आडव्या, तोंडं उघडी,
तीन दिवस. लाकडाला नवं घर मानवू द्यावं लागतं.
टिबेट्स म्हणाला, मला इथे बावीस वर्षं झाली,
अजून मानवलेलं नाही. लावा तुम्ही.

डलूथ. नोव्हेंबर. तिसरा मजला, लिफ्ट बंद.
सरोवरावरून वारा असा येतो की
बंद खिडकीची काच दात खाते.
गालिच्यावर पलंगापासून खिडकीपर्यंत
दबलेली एक वाट होती, गुरांची असते तशी.
डेलने ती गुंडाळली
आणि खांद्यावर टाकून जिना उतरला.

सोसायटीचा नियम चार पानी:
ध्वनिरोधक थर अमुक जाडीचा, प्रमाणपत्र जोडावे,
खालच्या घरात पाऊल ऐकू जाता कामा नये.

दुसऱ्या दिवशी खालची मर्ना वर आली.
मी भांडणाच्या तयारीत, हातोडी खाली ठेवलेली.
चौतीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई,
शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज.
पण बोलली हळू.
चार वाजता उठतो तो. नऊ पावलं.
खिडकीपाशी एक जागा करकरते.
मग मी कूस बदलते.
एवढंच. ठोकाठोक कधी संपेल ते विचारून गेली.

टिबेट्स खिडकीशी का जातो, मी विचारलं नाही.
रात्रपाळीत खनिजाची जहाजं भरायचा तो, धक्क्यावर.
अजून एखादं सगळे दिवे लावून पुलाखालून जातं.

प्लायवूडवर गुडघ्यांनी फिरत गेलो,
कान लावत, दाबत, दर वितीला एक स्क्रू.
करकर म्हणजे जुना खिळा आणि लाकूड यांची धुसफूस,
आवळलं की गप्प.
वर थर अंथरला, राखाडी, पावासारखा मऊ.
मग पट्ट्या: वर दोन मिलिमीटर ओक,
खाली उभ्याआडव्या चिकटवलेल्या पापुद्र्यांची चळत,
एक वाकू लागला की दुसरा धरणारी.
अस्सल नाही म्हणतात लोक. असो.
जीभ खाचेत, ठोकळा, हातोडी, टक्.
भिंतीशी बोटभर मोकळं,
उन्हाळ्यात लाकूड अंग पसरतं तेवढ्यासाठी.

शेवटची रांग तीन बोटं रुंदीची निघाली.
मोजणीत डेल चुकला, किंवा मी.
खिडकीखाली ती बसवली आणि निघालो.
व्हॅनमध्ये किल्ली शोधताना
खिशात एक स्क्रू लागला.
मला माहीत होता तो.

जानेवारीत टिबेट्सचा फोन.
खिडकीपाशी करकरतंय. वॉरंटी आहे ना?
म्हटलं, थंडीत लाकूड बोलतं. येऊन बघतो.
पलीकडे बराच वेळ नुसता वारा.
मग म्हणाला, राहू दे.
खालची बाई जिन्यात थांबवून विचारत होती,
रविवारी सव्वापाच का झाले म्हणून.