असल्यास

करार आला तेव्हा सेलेस्टीन मावशी मासे चिरत होती.
दोनशे बारा पानं, निळी फीत,
वर डकवलेली चिठ्ठी: शनिवारी मतदान,
सभागृहात, बिंगोच्या आधी.

म्हणाली, तू शिकलीस, तूच वाच.
आपल्या भाषेत वाच.

पान अकरावर मी अडकले.
'या राष्ट्राचे मूळनिवासी हक्क व मालकी,
असल्यास,
जिथे व जितकी असतील तिथे व तितकी,
या करारात लिहिल्याप्रमाणे बदलून पुढे चालू राहतील.
त्यापलीकडचे जे काही, असल्यास,
ते मुकुटाच्या लाभात सोडून दिले आहे.'

सुरी थांबली.
असल्यास?

मी म्हटलं, वकिलांची रीत असते.
घरात चूल पेटलेली दिसत असताना
दारातून हाक मारायची:
आत कोणी असल्यास बाहेर यावे.

ती हसली नाही.

आमच्या भाषेत 'अस्वल दिसल्यास' म्हणता येतं,
'बर्फ वितळल्यास' म्हणता येतं,
पण 'आई असल्यास' म्हणायला
क्रियापद वळत नाही.
मी तीनदा वळवून पाहिलं.
तिसऱ्यांदा जे वळलं, त्याचा अर्थ निघाला
'आई मेली नसेल तर'.
ते मी मनातच ठेवलं.

मग समजावत गेले: हक्क वेगळा, मालकी वेगळी.
हक्क म्हणजे जाळं टाकायची मुभा,
मालकी म्हणजे काठच, काठावरचं गवत,
गवताचं काय करायचं ते ठरवणं.
आणि त्याच्याही खाली, तळाशी, मुकुटाची मालकी,
तिच्यावर आपली म्हणजे बोजा.
कोर्टाचाच शब्द आहे हा, मावशी. बोजा.

बोजा, असं म्हणून तिनं उजवा खांदा चोळला.
धुरीच्या झोपडीपासून वरच्या छावणीपर्यंत नऊ मैल,
पाठीवर सुकट, कपाळाला पट्टा,
पोटात तुझी इर्मा.
मुकुट कुठं दिसला नाही वाटेत.

उठली. पिठाच्या डब्यामागून
चौघडी घातलेला एक कागद काढला.
एकोणीसशे त्रेसष्ट, मासेमारी खात्याची पावती:
'जप्त: एक जाळे, वापरलेले. मालक: सेलेस्टीन.'
बघ. त्यानंच लिहिलंय, मालक.
असल्यास नाही लिहिलं.

तेवढ्यात प्रिन्स जॉर्जहून इर्माचा फोन.
आई, हो म्हण.
तीस वर्षं वाटाघाटी, त्याही कर्ज काढून,
टेबलावर बसलेले निम्मे तर आता कबरीत.
शाळा आपली होईल, दवाखाना आपला,
नदीतल्या माशांचा वाटा कागदावर येईल.
कोर्टात गेलो तर आणखी वीस वर्षं.
तोवर तू...
आणि इर्मा गप्प झाली.
असल्यास, असं मावशीच म्हणाली फोनमध्ये,
आणि दोघी हसल्या, बराच वेळ.

माझ्याकडून चूक झाली. चिरलेला मासा
ठेवायला जागा नव्हती,
मी पान अकरा पुढे सरकवलं.
तेल पसरत गेलं, कागद आरपार झाला,
पाठचे हेक्टर उलटे होऊन
पुढच्या हक्कांवर येऊन बसले.
आता यातलं काहीच वाचता येत नव्हतं
आणि सगळं दिसत होतं.
वकील म्हणाला, दुसरी प्रत देतो.
मावशी म्हणाली, ती तू ठेव.

शनिवारी ती पडद्यामागे गेली.
आत पेन्सिल दोरीनं बांधलेली,
कोणी नेईल म्हणून.
फार वेळ लागला. रांग कुरकुरली नाही.
बाहेर आली, बोटं पुसत.
इर्मानं काही विचारलं नाही, मीही नाही.
खुर्ची ओढून तिनं विचारलं,
बिंगो किती वाजता?