एकेचाळीस नंबर

जहाजातून उतरल्या तेव्हा बावीसच्या बावीस गाभण.
बर्बेराकडच्या. तोंड काळं, अंग पांढरं,
बरगड्या लांबूनच मोजाव्यात.
त्यांच्या मुलखात तीन सालं पाणी नव्हतं म्हणे,
आणि वाटेत आठ दिवस नुसता समुद्र.
धैदच्या उझब्यावर मी हौद दाखवला,
तर आधी मागं सरल्या.

पलीकडच्या कोठ्यात अरबाबच्या जुन्या मेंढ्या,
पंख्याखाली रवंथ करत बसलेल्या.

जानेवारीत दोन्हीकडं कोकरं झाली.
लसूणघास एकच, नळ एकच,
चाटायची मिठाची वीटसुद्धा एकच.
तरी पलीकडची उड्या मारायची
आणि ही खायची.
बादली वाजली की अंग चोरायची,
परत खायची.
एकेचाळीस नंबरचं तर आईला असं लुचायचं
जसं मागून कुणी पाय ओढतंय.

डॉक्टर इंतिसार, सुदानची बाई,
गुरुवारी वजनकाटा घेऊन येते.
निम्मी अरबी, निम्मी हिंदी, उरलेलं हातांनी:
आत अंधारात ते आईच्या रक्तातून बातमी घेतं.
आई उपाशी, म्हणजे बाहेर दुष्काळ.
मग तसंच अंग शिवून घेतं,
आखूड, घट्ट, घास न् घास राखून ठेवणारं.
नंतर इथं गुडघाभर चारा.
पण शिवण काही उसवत नाही.

म्हटलं, म्हणजे आईनं खोटं सांगितलं?
तिनं आधी काट्यावरचा आकडा लिहिला.
मग म्हणाली,
खरंच सांगितलं. मुलूख बदलला.

रात्री शफीउलनं माझी उशी झटकली,
खुबूसचे वाळके तुकडे पडले.
अठरा वर्षं झाली, बिरा,
मेस उद्या पण आहे ना?
मी तुकडे गोळा केले. मोजले पण.

बहात्तरला आय म्हसवडच्या पल्याड
दुष्काळी कामावर खडी फोडत होती.
डोक्यावर घमेलं, ओच्यात सुकडी.
मुकादम हजेरीला एकच नाव लिहायचा.
आम्ही दोघं होतो.

हे तिनं कधी सांगितलं नाही, थोरल्या चुलत्यानं सांगितलं.
तिला विचारलं तर म्हणायची,
तू लई शांत होतास पोटात,
लाथ पण बेतानं मारायचास.

आता एकेचाळीस नंबर स्वतः गाभण आहे.
मी तिला चारा थोडा थोडा टाकतो,
संपला की लगेच पुन्हा,
म्हणजे तिला कळावं की येतोय.
हाका मारत नाही. कुत्रं बांधून ठेवतो.
जनरेटर ओढत ओढत
खजुरांच्या पार त्या टोकाला नेला.

अरबाबनं गाडीची काच खाली करून विचारलं, का?
एवढं अरबी मला येत नाही.
म्हटलं, धूर.