सहाव्या तासाला

गोठिवलीत, दोन सेक्टरांच्या फटीत
गावठाणाची एक चिंचोळी ओळ अजून उरली आहे.
तिच्या टोकाला हसुराम मढवींचा गोठा.
मी पवळीची मान डाव्या कोपरानं रेटली,
अंगठ्याखाली शीर फुगली,
हिरव्या बुचाच्या नळीत नऊ मिली रक्त.
"आजारी नाय ती," हसुराम म्हणाले,
"दोन टायमाचं अकरा लिटर."
खरंच होतं.
डोळे स्वच्छ, गाठ कुठे नाही, रवंथ चालू.

तिच्या काही पांढऱ्या पेशींत
कधीचा येऊन बसलाय तो,
साडेआठ हजार अक्षरांचा,
तिच्याच पोथीत शिवला गेलेला.
पेशी दुभंगते तेव्हा तोही नकलून निघतो.
पुढून वाचायला घ्यावं तर गप्प.
अंगात पहारा असतो,
तोंड उघडलं की मेलाच.

फक्त मागच्या टोकाकडून, उलट्या दिशेनं,
एक धागा सतत पुटपुटत राहतो.
त्याचं प्रथिन होत नाही.
त्याचा अर्थ आम्हाला अजून नीट लागलेला नाही.

महापेला पोचले तेव्हा सव्वासात.
रक्ताचे थर पाडले, मधला दुधट पापुद्रा उचलला,
सदतीस अंशांच्या कपाटात ठेवला.
तिसऱ्या तासाला काही नाही.
चहा. रखवालदाराचा रेडिओ.
सहाव्या तासाला पडद्यावर रेषा उठली.
गाईत सहा वर्षं गप्प असलेला
प्लॅस्टिकच्या बशीत बोलायला लागला,
आधी टॅक्स, मग बाकीचे सगळे,
घाईघाईनं, एकमेकांवर पडत.

गोठ्यात चार वाक्यं बोललेले हसुराम
कुंपणाबाहेर माझ्या स्कूटरपाशी आले
तेव्हा असेच थांबेनात.
खाडीकडची खाजणं, साडेबारा टक्क्यांचे कागद,
भावानं परस्पर केलेली सही,
जिचा विषय घरात कुणी काढत नाही.
मी डबा पोटाशी धरून ऐकत होते.
डब्यात पवळीचं रक्त,
नुकतंच देहाबाहेर आलेलं.

अहवालात याला रकाना नाही.
मी लिहिलं: बाधित. लक्षणं नाहीत.
दर जनावराला वेगळी सुई वापरावी.

सकाळी फोन लावला.
पलीकडे बादलीत धार वाजत होती.
"बोला, बाय."
आणि मग बराच वेळ
मीच गप्प.